हप्ता भरायचा म्हणून गोळी बंद करू नका
(सामुदायिक रेडिओवर गटांच्या कार्यक्रमात झालेलं बोलणं)

मी बचत गटांची समन्वयक. हप्ते, वह्या, बँकेच्या फेऱ्या यातच माझा महिना सरतो. आज मात्र गटाच्या वहीत जे लिहिलं जात नाही, त्याबद्दल बोलायचं आहे. घरात शुगर, बीपी, दमा, संधिवात, किडनी असा वर्षानुवर्षं चालणारा आजार आहे आणि डोक्यावर कर्जही आहे. अशा वेळी पैसा आधी कुठं द्यायचा?

माझ्या एका गटातल्या काकींची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच सांगते आहे, नाव मात्र सांगत नाही. काकींना सात वर्षांपासून शुगर आहे. हप्ता द्यायला त्या कायम पहिल्या. बैठक सुरू झाली की पदराची गाठ सोडून आधी पैसे मोजायच्या. मी बाकीच्या बायकांना सांगायचे, "शिका जरा काकींकडून." सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावायचे. आमच्या रजिस्टरला शंभर टक्के परतफेड होती आणि मला त्याचा अभिमान होता.

ते पैसे कुठून येतात, हे मी कधी विचारलं नाही. काकी दोन गोळ्यांच्या जागी एकच घेत होत्या. चार महिन्यांत त्यांनी औषधाचे साधारण २,६०० रुपये वाचवले. मग खुरपणीला गेल्या असताना पायात काटा मोडला. जखम भरेना. शुगर वाढलेली, पायाला बधिरपणा, त्यामुळे आत काय चाललंय ते कळलंच नाही. शेवटी पायाची दोन बोटं काढावी लागली. खाजगी दवाखान्याचं बिल झालं ३८,००० रुपये. त्यातले १८,००० कानातलं मोडून दिले आणि २०,००० गावातल्या एकाकडून शेकडा पाचनं काढले.

आम्ही गटातल्या बायका फळं घेऊन भेटायला गेलो. पैसे कुठून आणले, हे तेव्हाही कुणी विचारलं नाही.

पुढं चौदा महिन्यांनी काकींचा गटातला हप्ता पहिल्यांदा चुकला. मी घरी गेले ती हप्ता मागायलाच गेले, खोटं कशाला बोलू? फळीवर गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. पुन्हा गोळ्या अर्ध्यावर आणल्या होत्या. मी रागावले. तेव्हा काकी म्हणाल्या, "पोरी, गोळी चुकली तर मला एकटीला कळतं. हप्ता चुकला तर गावाला कळतं."

त्या दिवसापासून मी टाळ्या वाजवायला लावायचं बंद केलं.

सगळं एका वहीत लिहा

त्याच दिवशी काकींच्या नातवाच्या जुन्या वहीत आम्ही सगळं लिहून काढलं. घरात महिन्याला येतात १०,५०० रुपये. त्यात काकांची मजुरी आणि एका गाईचं दूध. आता जाणारे पैसे बघा. गटाचं जुनं कर्ज ६,००० राहिलेलं, हप्ता ६०० रुपये. पहिल्या फायनान्स कंपनीचा हप्ता २,१००. आजारानंतर घर चालवायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढलं, त्याचा हप्ता १,८५०. आणि सावकाराचं नुसतं व्याज १,०००. बेरीज झाली ५,५५०. औषधाला लागत होते १,३००. म्हणजे महिन्याला ६,८५० रुपये गेले आणि खायला, शाळेला, विजेला, गाडीभाड्याला उरले ३,६५०.

सावकाराचं तर बघाच. चौदा महिन्यांत १४,००० रुपये गेले आणि मुद्दल जसंच्या तसं २०,०००. शेकडा पाच म्हणजे महिन्याचं व्याज. वर्षाला ते साठ टक्के होतं. पाच हा आकडा ऐकायला लहान वाटतो, म्हणून आपण फसतो.

तुम्हीही असंच लिहा. कुणाचे, किती राहिले, हप्ता किती, व्याज किती, गहाण काय ठेवलंय. मेडिकलची आणि किराणाची उधारीसुद्धा लिहा. नवऱ्यापासून लपवलेलं कर्ज असेल तर तेही लिहा. लिहिल्यानं कर्ज कमी होत नाही, पण कुठली गाठ आधी सोडायची ते दिसतं.

औषधाचा खर्च आधी कमी करा

औषध बंद करायचं नाही, त्याचा खर्च कमी करायचा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय यांत केस पेपरचे पैसेही द्यावे लागत नाहीत. शुगर आणि बीपीच्या नेहमीच्या गोळ्या तिथं मिळतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीची शुगर, बीपी तपासायची सोय आहे. आशाताईंना विचारा, त्या सांगतील कुठल्या दिवशी यायचं ते.

एखादी गोळी सरकारी दवाखान्यात मिळाली नाही तर जनऔषधी केंद्रात बघा. तिथं औषध त्याच्या मूळ नावानं मिळतं, कंपनीच्या नावानं नाही, आणि बऱ्याच गोळ्या निम्म्याहून कमी किमतीत असतात. पण स्वतःच्या मनानं गोळी बदलू नका. आधी डॉक्टरांना पाकीट दाखवा आणि औषधाचं मूळ नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. इन्सुलिन चालू असेल तर ते एक दिवसही परस्पर थांबवू नका.

काकींचा औषधाचा खर्च १,३०० वरून २४० रुपयांवर आला. डॉक्टरांनीच गोळ्या लिहून दिल्या, दोन आरोग्य केंद्रातून मिळतात, एक जनऔषधीतून आणतो.

भरती व्हायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. आधी ती पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डाला होती, आता पांढऱ्या कार्डालाही आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण ते योजनेत असलेल्या दवाखान्यातच आणि यादीतल्या उपचारांनाच. म्हणून भरती होण्याआधी विचारा, "हा दवाखाना योजनेत आहे का? आरोग्यमित्र कुठं बसतात?" रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. फोन करायचा तर १५५३८८ हा नंबर आहे. डायलिसिससुद्धा या योजनेत बसतं. घरात सत्तरी ओलांडलेली सासू असेल तर तिचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढता येतं. काकींना ज्या दवाखान्यात नेलं, तो योजनेत नव्हता. घाईत कुणी विचारलंच नाही. तो एक प्रश्न ३८,००० रुपयांचा होता.

अजून एक. बँकेत आपल्या खात्यातून वर्षाला ४३६ आणि २० रुपये कापले जातात, ते मृत्यूचे आणि अपघाताचे विमे आहेत. आजारपणाचा खर्च त्यातून मिळत नाही. ते चालू ठेवा, पण दवाखान्यासाठी त्यांच्या भरवशावर राहू नका.

कर्जाची गाठ कुठून सोडवायची

पहिली गाठ सगळ्यात महाग व्याजाची. काकींना आमच्या ग्रामसंघाच्या निधीतून २०,००० रुपये शेकडा एकनं दिले आणि सावकाराचं मुद्दल त्याच दिवशी फेडलं. काकींचा भाऊ आणि गटातल्या आम्ही तिघी बरोबर गेलो. सही केलेला चेक आणि कोरा स्टॅम्पपेपर परत घेतला, पैसे मिळाल्याची चिठ्ठी लिहून घेतली. आता काकी महिन्याला तेच १,००० रुपये भरतात. पण पहिल्या महिन्यात त्यातले २०० व्याजात गेले आणि ८०० मुद्दलात. तेवीस महिन्यांत कर्ज संपेल. सावकाराला जन्मभर दिले असते तरी संपलं नसतं.

एक इशारा देते. कर्ज काढून कर्ज फेडणं एरवी वाईटच. नवं व्याज जुन्यापेक्षा नक्की कमी आणि जुनं कर्ज त्याच दिवशी बंद, या दोन्ही गोष्टी असतील तरच ते करा. नाहीतर दोन्ही कर्जं अंगावर बसतात.

सावकारीबद्दल कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्याकडं दामदुप्पट म्हणतात, तेच हे. कुणी धमकावत असेल, जमीन बळकावली असेल, तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडं किंवा जिल्हा उपनिबंधकांकडं लेखी तक्रार करता येते. एकटीनं जाऊ नका, गट घेऊन जा.

दुसरी गाठ फायनान्स कंपन्यांची. रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली या कर्जांसाठी नियम केले. कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. काकींच्या घरी ती मर्यादा ५,२५० होती, हप्ते मात्र ५,५५० चे. अर्थात सावकाराचं देणं काकींनी फॉर्मवर लिहिलंच नव्हतं. म्हणून सांगते, कर्ज घेताना खरं सांगा, ते आपल्याच भल्याचं आहे.

वसुलीचेही नियम आहेत. वसुली ठरलेल्या जागी व्हायला हवी. लागोपाठ दोन वेळा आपण त्या जागी गेलो नाही, तरच माणूस घरी येऊ शकतो. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं मना आहे. उशीर झाला तर दंड थकलेल्या रकमेवरच लागतो, सगळ्या कर्जावर नाही. तक्रार आधी कंपनीकडं लेखी द्यायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

पण भांडायच्या आधी अर्ज करा. हप्ता चुकण्याच्या आधीच शाखेत जायचं, दवाखान्याचे कागद जोडायचे, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागायची आणि अर्जाची पोच घ्यायची. काकींच्या दुसऱ्या कंपनीनं ऐकलं, हप्ता १,८५० चा १,२०० झाला. पहिलीनं नाही ऐकलं. मुदत वाढली की एकूण व्याज वाढतं, हेही समजून घ्या. तरी पण गोळी बंद होण्यापेक्षा ते परवडतं. आणि कर्जाबरोबर विमा कापला असेल तर त्याचा कागद वाचून घ्या. काही विम्यांत दवाखान्यात राहिलेल्या दिवसांचे पैसे मिळतात.

आज काकींचे सगळे हप्ते ४,९०० आणि औषध २४०. घराला उरतात ५,३६०. श्रीमंती आली नाही, पण रोजची गोळी पूर्ण जाते पोटात.

गटानं काय करायचं

गटात मी ठराव मांडला, की सभासद आजारी असेल आणि दवाखान्याचा कागद असेल, तर तीन महिने तिनं फक्त व्याज भरावं. एक ताई लगेच म्हणाली, "मग काय, सगळ्याच आजारी पडतील!" तिचं चुकलं नव्हतं. गटाचा पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे. म्हणून आम्ही कागद बघायचा, बैठकीत सगळ्यांनी मान्य करायचं आणि इतिवृत्तात लिहायचं, असं ठरवलं. काकींनी तीन महिने जुन्या कर्जावर ६० रुपये व्याज भरलं, चौथ्या महिन्यापासून हप्ता सुरू. दीड वर्षात ही सवलत दोघींनीच घेतली. दोघींचंही कर्ज चालू आहे, बुडालेलं नाही. पहिला आक्षेप घेणारी ताईच आता आजारी बाईच्या घरी आधी जाते.

आणि ज्या फायनान्सच्या गटात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या जणी तिच्या दारात जाऊन बसतात, त्यांना हात जोडून सांगते. दारात बसायच्या आधी आत जा. चुलीवर काय आहे आणि फळीवर गोळ्या आहेत का, ते बघा.

आजार आणि कर्ज, दोन्ही आपण पदराआड झाकतो. झाकून झाकून मन खचतं, रात्रीची झोप जाते, नको ते विचार येतात. तसं झालं तर एकटी राहू नका. जवळच्या माणसाला सांगा, किंवा १४४१६ या नंबरवर फोन करा. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, मराठीत बोलतात.

पुढच्या बैठकीत एवढं करा. बचतीचे पैसे मोजायच्या आधी सगळ्यांना विचारा, "कुणाची गोळी चालू आहे? महिन्याला किती लागतात? या महिन्यात चुकली का?" आमच्या रजिस्टरमध्ये आता हप्त्याच्या रकान्याशेजारी औषधाचा रकाना आहे. परतफेड अजून चांगली आहे, शंभर टक्के मात्र नाही. मला आता त्याची लाज वाटत नाही.