लांडग्याला कुत्रा रोखतो, बिबट्यापुढे मात्र कुत्र्यालाच जपावं लागतं

मागच्या पावसाळ्यात गोठ्याबाहेर साखळीला बांधलेला आमचा कुत्रा बिबट्याने रात्रीतून नेला. सकाळी नुसती साखळी राहिली. राखणीला ठेवला होता अन् तोच आधी गेला. तेव्हापासून शेजारीपाजारी विचारतात, मग कुत्रा पाळायचा का नाही? पाळायचा. पण राखण कोणापासून करायची, ते आधी बघावं.

लांडग्यासाठी कुत्रा कामाचा

माळरानावर मेंढरं चारणारे धनगर बांधव पिढ्यानपिढ्या कुत्री सोबत ठेवतात. लांडगा कळपाच्या कडेचं कोकरू उचलून पळतो. कुत्रं भुंकत अंगावर गेलं की त्याचा डाव फसतो, तोवर मेंढपाळही काठी घेऊन पोचतो. कुत्री दोन-तीन असावीत. लांडगे जोडीने आले तर एक जण कुत्र्याला गुंतवतो अन् दुसरा मागून कोकरू नेतो.

पिल्लू असं तयार करा

दीड-दोन महिन्यांचं पिल्लू मेंढरांतच ठेवा, तिथंच खाऊ घाला. म्हणजे ते कळपाला आपलं घर समजतं. कोकराच्या मागं धावलं तर तिथल्या तिथं दरडवा. राखणीला पक्कं व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या.

बिबट्याचं गणित वेगळं

कुत्रा हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य. तो उसातून दबा धरून येतो अन् थेट मान धरतो. त्यासाठी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात. पण साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. म्हणून रात्री कुत्राही शेळ्यांसोबत आत घ्या. आतून भुंकला तरी आपण जागे होतो, तेवढं पुरे. गोठ्याला चारी बाजूंनी अन् वरूनही लोखंडी जाळी मारा, दाराला पक्की कडी लावा.

जनावर गेलंच तर

मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका. फोटो काढा अन् लगेच, उशिरात उशिरा 48 तासांच्या आत, वनविभागाला कळवा. हेल्पलाईन 1926. पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. रागाच्या भरात मढ्यावर विष टाकू नका. लांडगा अन् बिबट्या दोघांनाही कायद्याचं संरक्षण आहे, गुन्हा दाखल होतो. शिवाय त्या विषाने गावातलीच कुत्री मरतात.

आमच्याकडे आता नवं पिल्लू आहे. दिवसा शेळ्यांमागं हिंडतं. दिवस मावळला की तेही जाळीच्या आत.