हौसेच्या शेतीला ट्रॅक्टर किती मोठा?

टेंभी नाक्यावर दुकान आणि मुरबाड-शहापूरकडे वडिलोपार्जित दोन-चार एकर जमीन, असे आपले काही व्यापारी बांधव आहेत. सुट्टीच्या दिवशी शेती पाहायची म्हणून ट्रॅक्टर घ्यावासा वाटतो. विक्रेता ४५ अश्वशक्तीचा दाखवतो. घाई करू नका.

आधी जमीन पाहा. ठाणे जिल्ह्यातील भातखाचरे लहान, बांध जवळजवळ. मोठा ट्रॅक्टर सुमारे दोन टनांचा. तो चिखलात रुततो, वळताना बांध तोडतो. १५ ते २० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर टनाच्या आत असतो, सुमारे तीन फुटी रोटाव्हेटर चालवतो आणि आंब्याच्या ओळींतूनही जातो.

ढोबळ हिशेब असा: दोन एकरांपर्यंत पॉवर टिलर किंवा भाड्याचा ट्रॅक्टर पुरे. दोन ते पाच एकरांना १५ ते २५ अश्वशक्ती. त्याहून मोठी, सपाट जमीन किंवा ट्रॉलीचे काम असेल, तरच ३५ च्या पुढे जावे. रोटाव्हेटर पीटीओवर चालतो आणि तिथली ताकद इंजिनापेक्षा कमी असते. तो आकडा विचारून घ्या. शेतीसाठी नोंदवलेल्या ट्रॅक्टरवर दुकानाचा माल वाहता येईल, हा हिशेबही धरू नका.

शेवटी, वर्षातून किती दिवस काम निघेल ते मोजा. पंधरा दिवस चालणाऱ्या यंत्रात भांडवल अडकले, तर सणासुदीचा माल कशाच्या जोरावर भरणार?