पुलापलीकडचे इनामगाव

खडकी म्हटले की १८१७ची लढाई आणि दारूगोळ्याचा कारखाना, इथेच आपले बोलणे थांबते. मला त्याहून तीन हजार वर्षे मागे जायचे होते. त्यासाठी खडकीहून निघून नगर रस्ता धरला, न्हावरे मागे टाकले आणि ८०-९० किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात घोडनदीकाठच्या इनामगावात उतरलो.

इथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावे. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० पर्यंत इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. कुडाच्या भिंतींची चौकोनी घरे, अंगणात चूल, धान्याची पेवे, शेतात जव. पुढे पाऊस आटला, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव उठले. आज त्याच परिसरात ऊस डोलतो आहे.

पारावर एक आजोबा भेटले. शाळकरी वयात त्यांनी खोदकामावर मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. "लेकरांची मडकी निघायची. दोन मडकी तोंडाला तोंड लावून, घरातच, जमिनीखाली. बघायला आलेल्या बाया डोळ्याला पदर लावायच्या." तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईने लेकरू घराबाहेर जाऊ दिले नाही, हे त्या बायांना कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मोठ्या माणसांना मात्र उताणे पुरत आणि घोट्याखाली पाय तोडत. मेलेला परत फिरू नये म्हणून असावे. याला अपवाद एका माणसाचा. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचे घर, शेजारी धान्याचे कोठार, आणि अंगणात चार पायांचा पोटफुगा मातीचा रांजण. त्यात हा माणूस मांडी घालून बसवलेला होता, पाय शाबूत. तो गावचा प्रमुख असावा, असे अभ्यासक मानतात. त्याने परत यावे, असेच गावाला वाटत असेल का? त्या रांजणापुढे इतर सगळे तपशील मला फिके वाटले.

इनामगावचे अवशेष येरवड्याला, डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात आहेत. खडकीहून होळकर पूल ओलांडला की कॉलेज जवळच. रोज हजारो लोक तो पूल ओलांडतात. त्यांनी एकदा मुलांना घेऊन आत वळावे. इनामगावच्या मुलांना मात्र आपल्याच गावचा वारसा पाहायला एवढा प्रवास करावा लागतो. त्यांच्या शाळेत निदान त्या रांजणाची एक प्रतिकृती तरी हवी.