उथळ पाण्यातील प्राणी आणि मनुष्य

लखनौच्या आसपासच्या सखल प्रदेशात पावसाळ्यानंतरही जागोजागी पाणी साठून राहते. अशा पाणथळ जागांना तिकडे झील अथवा ताल म्हणतात. लोक त्यांत शिंगाड्याचे वेल लावतात आणि मासे धरतात. त्यासाठी कमरेइतक्या पाण्यात उतरावे लागते. उतरणाऱ्याच्या मनात भय असते ते सुसरीचे व सापाचे; परंतु डोळ्यांना दिसणारा प्राणीच अधिक घातक असतो असे नाही.

सुसर आणि मगर हे दोन भिन्न प्राणी होत. लांब, निमुळत्या तोंडाची सुसर नदीत राहते व मुख्यतः मासे खाते. लखनौजवळच कुकरैल येथे १९७८ साली सुसरींचे संवर्धन केंद्र स्थापन झाले. तेथे वाढविलेली पिले नद्यांत सोडण्यात आली. रुंद जबड्याची मगर मात्र तळ्यांतही राहते आणि काठालगत दबा धरून बसते. तिचा वावर असेल तेथे पाण्यात उतरूच नये.

पाण्यात वरचेवर दिसणारा साप म्हणजे दिवड. डिवचल्यास तो चटकन चावतो, पण तो विषारी नाही. नाग, घोणस व मण्यार या विषारी सापांशी गाठ पडते ती बहुधा काठावरील गवतात, बांधावर किंवा अंधारात. साप ओळखता आला नाही, तर जखम कापू वा चोखू नये; अवयव स्थिर ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

चिखलात लपणारा सिंघी मासा मात्र सहसा दृष्टीस पडत नाही. तो हवेतूनही श्वास घेऊ शकत असल्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या गढूळ पाण्यातही तग धरतो. त्याच्या छातीलगतच्या दोन्ही परांना एकेक तीक्ष्ण, विषारी काटा असतो.  त्याच्यावर पाय पडला किंवा तो हाती धरला, म्हणजे काटा रुततो व असह्य वेदना होतात. हे विष उष्णतेने निष्प्रभ होते. म्हणून जखमी भाग सोसवेल इतक्याच गरम पाण्यात बुडवून ठेवल्यास वेदना शमतात. पाणी किती गरम आहे ते आधी दुसऱ्या, निरोगी हाताने पाहावे. काट्याचा तुकडा आत राहिल्यास जखम चिघळते. शिवाय धनुर्वाताचे भय असते. यास्तव वैद्यकीय उपचार अवश्य घ्यावेत.

काठीने तळ चाचपावा, पाऊल सावकाश टाकावे आणि न दिसणाऱ्या चिखलात हात घालू नये. एवढी दक्षता घेतली, तर शिंगाडे काढणाऱ्याला आणि चिखलातील माशालाही अपाय होण्याचे बरेचसे प्रसंग टळतील.