गाडी एक, बिल्ट्या अनेक : दुकानातील संदेश का अडतात?

चांदरातीला कापड दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ग्राहक मोबाइलवरून पैसे देतो, त्याच्या पडद्यावर पैसे गेल्याची खूण येते, पण गल्ल्याजवळचा बोलका डबा मुका राहतो. ग्राहक म्हणतो, "दिले." आपण म्हणतो, "आले नाहीत." दोघेही खरे बोलत असतात, तरी दोघांच्याही मनात शंका शिरते. व्यापारात पैशापेक्षा शब्द मोठा असतो. तो शब्द आता संदेशाच्या रूपाने तारेवरून आणि हवेतून येऊ लागला आहे. म्हणून त्याची वाट कशी चालते हे दुकानदाराने आणि कारागिराने समजून घेणे गरजेचे झाले आहे.

अहेरी, आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या भागातील आपण लोक "नेटवर्क नाही" एवढे बोलून मोकळे होतो. बरेचदा ते खरेही असते. पण सारा दोष नेटवर्कचा नसतो. हाताशी असलेली थोडी वाट आपले सॉफ्टवेअर कशी वापरते, यावरही पुष्कळ अवलंबून आहे.

गाडी, बिल्टी आणि गठ्ठा

नागपूरच्या गांधीबागेतून माल मागवणाऱ्यांना हे सहज समजेल. ट्रान्सपोर्टची गाडी एक असते. तिच्यात दहा व्यापाऱ्यांचा माल असतो आणि प्रत्येकाची बिल्टी वेगळी असते. बिल्टीत गठ्ठे असतात. एका साडीसाठी कोणी स्वतंत्र गाडी करत नाही.

संदेश पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचेही असेच आहे. आपला संगणक आणि दूरचे संदेश-केंद्र यांच्यात जी वाट जोडली जाते तिला 'कनेक्शन' म्हणतात. ती आपली गाडी. त्या वाटेवर चालणाऱ्या प्रत्येक स्वतंत्र व्यवहाराला 'सेशन' म्हणतात. ती आपली बिल्टी. आणि 'बिल क्रमांक अमुक, रक्कम अमुक' हा एकेक संदेश म्हणजे गठ्ठा. संदेश-केंद्र हे ट्रान्सपोर्टचे गोदाम समजावे. तेथे माल उतरतो आणि ज्याचा त्याला दिला जातो. ॲक्टिव्हएमक्यू आणि रॅबिटएमक्यू ही अशा केंद्रांच्या सॉफ्टवेअरची प्रसिद्ध नावे आहेत. रॅबिटएमक्यूत बिल्टीला 'चॅनल' म्हणतात, एवढाच फरक.

बिल्टीचे दोन नियम ध्यानात ठेवावे. पहिला, एक बिल्टी एका वेळी एकाच मुनीमाने लिहावी. दोघे मिळून लिहू लागले तर घोळ होतो. सेशनही एका वेळी एकाच कामाच्या हाती द्यायचे असते. दुसरा, हवे असेल तर एका सेशनमधील सर्व संदेश 'पोचले तर सगळे, नाही तर एकही नाही' अशा अटीवर पाठवता येतात. दुकानातून दहा थान कमी झाले आणि गोदामात वाढले, या दोन नोंदी अशाच एकत्र जायला हव्यात.

गाडी जोडण्याची किंमत

आता खर्चाचा हिशोब पाहू. दुर्गम भागातील काही मनोरे उपग्रहामार्फत जोडलेले असतात. हा उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंद लागतो. उत्तर परत यायला आणखी पाव. म्हणजे एका सवाल-जवाबाला अर्धा सेकंद.

नवे कनेक्शन जोडताना असे सवाल-जवाब अनेक होतात. आधी 'आहात का?', मग कुलूप-किल्लीची देवघेव, मग नाव आणि परवलीचा शब्द. पाच फेऱ्या धरल्या तर अडीच सेकंद गेले, आणि अजून संदेश निघालेलाच नाही. संदेश आणि त्याची पोच यांना आणखी अर्धा सेकंद. प्रत्येक बिलासाठी नवे कनेक्शन जोडणारे सॉफ्टवेअर तीन सेकंद घेते. जोडलेले कनेक्शन राखून ठेवणारे तेच काम अर्ध्या सेकंदात करते. नेटवर्क दोघांना सारखेच, काम मात्र सहापट.

आपला बोलका डबा यामुळेच चालतो. असे डबे सहसा एमक्यूटीटी नावाची पद्धत वापरतात. ही पद्धत १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी तयार केली. उजाड मुलखातून जाणाऱ्या तेलाच्या नळांवर उपग्रहाद्वारे देखरेख ठेवायची होती आणि प्रत्येक अक्षर महाग पडत होते. त्यांनी एकदा जोडलेली वाट उघडीच ठेवायची आणि अधूनमधून 'मी आहे' एवढेच कळवायचे, असा मार्ग काढला. वाळवंटासाठी काढलेली युक्ती आपल्या जंगलालाही लागू पडली.

साठा किती ठेवावा?

तयार कनेक्शन आणि सेशन राखून ठेवायचे, कामाला उसने द्यायचे आणि काम होताच परत घ्यायचे, या व्यवस्थेला संगणकवाले 'पूल' म्हणतात. हा प्राणहितेवरचा पूल नव्हे. हा तयार वस्तूंचा सामाईक साठा. भाड्याने भांडी देणाऱ्याच्या देगांसारखा. प्रत्येक लग्नघराला नवी देग विकत घ्यावी लागत नाही.

देगा किती ठेवाव्या? याचे गणित डेन्मार्कच्या ए. के. अर्लांग यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी मांडले. ग्राहक हजारो आणि वाटा थोड्या, तर वाटा किती असाव्या? ट्रंक कॉल लावून तासन्तास बसलेल्या आपल्या पिढीला हा प्रश्न नवा नाही. ढोबळ नियम सोपा आहे. दर मिनिटाला किती कामे येतात ते पाहा आणि एका कामाला वाट किती वेळ अडते त्याने गुणा.

उदाहरण घ्या. ऐन गर्दीत तासाला २४० बिले आणि दर बिलामागे दोन संदेश, म्हणजे ४८० संदेश. मिनिटाला ८. प्रत्येकी अर्धा सेकंद धरला तर मिनिटातले ४ सेकंद वाट अडली आणि ५६ सेकंद मोकळी राहिली. म्हणजे एका दुकानाला एक कनेक्शन पुरून उरते. ॲक्टिव्हएमक्यूच्या पूलमध्ये आपण काही बदलले नाही तर कनेक्शन एकच असते आणि त्या एकावर ५०० सेशनपर्यंत परवानगी असते. यावरूनच कर्त्यांचा विचार कळतो. गाड्या कमी, बिल्ट्या भरपूर.

काही लोक 'जास्त म्हणजे चांगले' या समजुतीने आकडा वाढवून ठेवतात. त्यांनी एक लक्षात घ्यावे. एका केंद्रावर तीनशे दुकाने असली आणि प्रत्येकाने वीस कनेक्शन धरली, तर केंद्राला सहा हजार वाटा सांभाळाव्या लागतात. त्यातल्या बहुतेक रिकाम्या असतात. आपल्याकडे याला इसराफ म्हणतात, आणि त्याची झळ शेजारच्या दुकानदाराला बसते.

घेतलेले परत करा

सर्वांत जास्त बिघाड येथे होतो. मागील एका रमजानात आमच्या दुकानात हा प्रकार घडला. सकाळी बिले झपाट्याने निघत. असरनंतर यंत्र मंद होई आणि इफ्तारच्या सुमारास पडदा गोठून जाई. ना चूक दाखवी, ना पुढे सरके. संगणक बंद करून सुरू केला की पुन्हा ठीक. आम्ही चार दिवस नेटवर्कला दोष देत राहिलो.

खरे कारण वेगळे निघाले. सॉफ्टवेअर करून देणाऱ्याने सेशनची मर्यादा दहा ठेवली होती. संदेश नीट गेला की सेशन परत होत असे. पण मध्येच नेटवर्क तुटून संदेश अडला, तर सेशन परत करण्याची ओळच चालत नव्हती. प्रत्येक तुटीगणिक एक देग गहाळ. दहा तुटी झाल्या की साठा रिकामा. त्यात 'साठा रिकामा असेल तर थांबा' अशी मांडणी होती आणि किती थांबावे याला मुदत नव्हती. अकरावे बिल कयामतपर्यंत थांबले असते!

वर सांगितलेल्या ॲक्टिव्हएमक्यूतही मूळ मांडणी अशीच आहे. पूल भरला तर थांबा, आणि थांबण्याला मर्यादा नाही. म्हणून ही मुदत स्वतः घालावी लागते. पाच-दहा सेकंद थांबून संदेश गेला नाही तर बिल छापून द्यावे, संदेश आपल्याच संगणकात नोंदवून ठेवावा आणि नंतर पाठवावा. आमच्याकडे दोन दुरुस्त्या झाल्या. काम फसले तरी सेशन परत जाईल अशी ओळ घातली आणि थांबण्याला मुदत दिली. मर्यादा दहाच राहिली. त्यानंतर पडदा गोठला नाही. संगणक बंद करून सुरू करणे हा इलाज नव्हता. त्याने रोग फक्त झाकला जात होता.

मेलेली गाडी

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो हे सर्वांना माहीत आहे. रस्ता तुटला हे डोळ्यांना दिसते. कनेक्शन तुटले हे मात्र सॉफ्टवेअरला लगेच कळत नाही. साठ्यात ठेवलेले कनेक्शन वरून जिवंत दिसते, आतून मेलेले असते. शिवाय बराच वेळ काही बोलणे झाले नाही, तर मोबाइल कंपनीची यंत्रणा ती वाट गुपचूप बंद करते. जुमाच्या नमाजला दुकान बंद ठेवून परत आल्यावर पहिलेच बिल अडते, त्याचे एक कारण हे असू शकते.

यावर उपाय दोन. एक, रिकामे कनेक्शन ठराविक वेळाने स्वतःच सोडून द्यावे. ॲक्टिव्हएमक्यूच्या पूलमध्ये ही वेळ मुळात ३० सेकंद असते. ती वाढवायची असली तरी कंपनी वाट तोडते त्या वेळेपेक्षा कमीच ठेवावी. दोन, वाट उघडी ठेवायचीच असेल तर नाडी तपासत राहावी. रॅबिटएमक्यूत त्यासाठी साधारण ६० सेकंदांची मुदत सुचवलेली असते.

येथे एक धोका आहे. संदेश पोचला पण पोच येण्याआधी वाट तुटली, तर सॉफ्टवेअर तोच संदेश पुन्हा पाठवते. उधारी चुकती केलेल्या ग्राहकाला दुसऱ्यांदा तगादा गेला तर त्याचा अपमान होतो, आणि जमा दोनदा लिहिली गेली तर आपला हिशोब बिघडतो. म्हणून प्रत्येक संदेशावर बिल क्रमांक असावा. तोच क्रमांक पुन्हा आला तर घेणाऱ्या सॉफ्टवेअरने तो बाजूला ठेवावा.

घेणाऱ्याचे काम वेगळे

पाठवणाऱ्यासाठी पूल चांगला. घेणाऱ्यासाठी नव्हे. संदेश घेणारा कार्यक्रम केंद्राकडून बरेच संदेश आगाऊ उचलून ठेवतो. ॲक्टिव्हएमक्यूत रांगेतून एका वेळी १,००० पर्यंत. अशा घेणाऱ्याला काम अर्धवट असताना साठ्यात ठेवून दिले, तर त्याच्या झोळीतले संदेश ना त्याला वाचता येतात, ना दुसऱ्याला मिळतात. गोदामातून हजार गठ्ठे उचलून हमाल झोपी गेल्यासारखे हे आहे. म्हणूनच त्या पूलमध्ये घेणाऱ्यांना साठवले जात नाही. गोदामातील संगणकावर घेणारा सतत जागा ठेवावा आणि आगाऊ उचल कमी ठेवावी.

१२ एप्रिल २०२५ चा धडा

वाट सामाईक असते हे देशाने त्या दिवशी पाहिले. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय सेवा मुंबईची नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते. १२ एप्रिल २०२५ रोजी ही सेवा कित्येक तास कोलमडली. पैसे देण्याची गर्दी हे त्याचे कारण नव्हते. काही बँकांची यंत्रणा 'त्या व्यवहाराचे काय झाले?' हे पुन्हा पुन्हा विचारत होती, जुन्या व्यवहारांबद्दलसुद्धा. विचारणाऱ्यांनीच वाट अडवली आणि देणारे बाहेर राहिले. त्यानंतर कॉर्पोरेशनने अशा विचारणांवर बंधने घातली. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसात ५० वेळाच शिल्लक पाहता येते, हे त्यातलेच एक.

आपणही गल्ल्यावर हेच करतो. डबा बोलला नाही की दहा वेळा बटण दाबतो. संदेश न गेल्यास लगेच पुन्हा पाठवू नये. थोडे थांबावे आणि प्रत्येक खेपेला थांबणे वाढवावे.

सॉफ्टवेअरवाल्याला विचारा

पुढच्या वेळी सॉफ्टवेअर घेताना किंवा दुरुस्त करून घेताना पाच प्रश्न अवश्य विचारा.

१. प्रत्येक बिलाला नवे कनेक्शन जोडता की जोडलेलेच वापरता?
२. संदेश फसला तरी सेशन साठ्यात परत जाते का?
३. साठा रिकामा असेल तर किती सेकंद थांबता, आणि मग काय करता?
४. रिकामे कनेक्शन किती वेळाने सोडता, आणि मेलेले कसे ओळखता?
५. एकच संदेश दोनदा आला तर ओळखता का?

उत्तर 'सगळे आपोआप होते' असे आले, तर नेटवर्कची वायर काढून त्याच्यासमोर पंधरा बिले करून पाहा. मग वायर लावा. सर्व पंधरा संदेश एकेकदाच पोचले तर पैसे द्या.

या सगळ्या तंत्राचा सार आपल्या वडीलधाऱ्यांनी दुकानात बसवताना शिकवलेलाच आहे. गरजेपुरते घ्यावे, काम होताच परत करावे आणि दुसऱ्याची वाट अडवू नये. उसनी वस्तू ही अमानत असते, मग ती देग असो की सेशन.