मद्रासची चाचणी वगळली तर?

बीसीजी लस क्षयापासून कितपत वाचवते? १९९४ साली 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ग्रॅहॅम कोल्डिट्झ आणि सहकाऱ्यांनी १३ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून उत्तर दिलं: ५१ टक्के. अशा एकत्रित हिशोबाला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. पण या १३ जणींचं आपसात अजिबात पटत नव्हतं. ब्रिटनमधल्या किशोरवयीन मुलांत लशीमुळे धोका ७६ टक्क्यांनी घटला. मद्रासजवळच्या चिंगलपुट जिल्ह्यात, १९६८ पासून चाललेल्या भल्यामोठ्या चाचणीत, लस घेतलेल्या ८८,३९१ जणांपैकी ५०५ जणांना क्षय झाला. न घेतलेल्या तेवढ्याच जणांत ४९९. म्हणजे फायदा शून्य.

मग ही चाचणी वगळायची का?

इथे दोन गोष्टींची हमखास गल्लत होते. इतरांपासून फटकून असलेला अभ्यास म्हणजे आउटलायर. जो काढल्यावर अंतिम उत्तरच सरकतं, तो प्रभावी अभ्यास. एकच अभ्यास दोन्ही असेल असं नाही. तपासायची रीत अगदी साधी आहे: एकेक अभ्यास बाहेर ठेवायचा आणि दर वेळी हिशोब नव्याने करायचा.

करून पाहू. सगळ्या चाचण्या एकच खरा परिणाम मोजताहेत असं धरलं, तर आकाराच्या जोरावर एकट्या मद्रासकडे ४१ टक्के वजन जातं. तिच्यासह उत्तर येतं ३५ टक्के संरक्षण. ती काढली की थेट ५२. एका चाचणीने एवढा फरक! पण ठिकाणागणिक परिणाम बदलू शकतो असं धरणारी पद्धत वापरली (कोल्डिट्झ यांचे ५१ टक्के तिचेच), तर मद्रासचं वजन १० टक्क्यांवर येतं आणि ती काढूनही उत्तर थोडंच हलतं. शिवाय या पद्धतीत ती आउटलायरही ठरत नाही. मुळात चाचण्यांमधली तफावतच इतकी मोठी, की शून्यही त्यात सामावून जातं.

माझ्या मते खरी गंमत यापुढे आहे. चाचण्या अक्षांशानुसार मांडल्या की विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतशी लस अधिक गुणकारी दिसते. मद्रास १३ अंशांवर, त्यामुळे तिथला शून्याजवळचा आकडा अपेक्षेला धरूनच आहे. अक्षांश हे काही स्वतः कारण नव्हे. उष्ण प्रदेशात माती-पाण्यातल्या क्षयजंतूंच्या भाऊबंदांशी लोकांचा आधीच संबंध आलेला असतो, म्हणून लशीचा वेगळा असा फायदा उरत नाही, हा त्यामागचा एक प्रमुख तर्क. 'विचित्र' म्हणून मद्रासला कात्री लावली असती, तर या धाग्याचं सर्वांत भक्कम टोकच हातून गेलं असतं. (भारतात बाळाला जन्मतःच बीसीजी देतात ती मुख्यतः मेंदूज्वरासारख्या लहान मुलांतल्या गंभीर क्षयापासून रक्षणासाठी, तो हिशोब निराळा.)

अक्षांश जमेस धरल्यावर एक आउटलायर मात्र उरतोच, आणि तो भलताच: हैती. १९ अंशांवर असूनही तिथे ८० टक्के संरक्षण दिसलं. पण त्या चाचणीत दोन्ही गट मिळून क्षयरोगी होते जेमतेम १८, त्यामुळे तिचं वजन तोळामासा. ती वगळली तर अक्षांशाचा कल मोडत नाही, उलट थोडा ठळकच होतो. तरीही मी ती काढणार नाही; दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापेन.