काळी बाजू, लाल बाजू

टेबल टेनिसची बॅट हातात घेऊन बघा. बहुतेक बॅटींची एक बाजू काळी असते, दुसरी लाल. पूर्वी असं बंधन नव्हतं. दोन्हीकडे एकाच रंगाची, पण वेगळ्या गुणांची रबरं लावता येत. एकीकडे चेंडूला फिरकी देणारं गुळगुळीत रबर, दुसरीकडे आलेली फिरकी उलटवून टाकणारं, लांब दाण्यांचं. रॅली चालू असताना बॅट बोटांत गर्रकन फिरवली की चेंडू कोणत्या बाजूला लागून आला, हे समोरच्याला कळतच नसे. १९८०च्या दशकात दोन बाजूंना दोन रंग सक्तीचे झाले आणि ज्यांचा खेळच या लपवाछपवीवर उभा होता, त्यांची पंचाईत झाली.

ग्वांगझूची झेंग झियिंग त्यांतलीच. आई टेबल टेनिसची कोच, मुलगी सोळाव्या वर्षी चीनच्या राष्ट्रीय संघात. हा नियम आला आणि विशीतच तिचा खेळ सुटला. १९८९ साली शाळेतल्या मुलांना शिकवायला ती चिलीतल्या अरिकाला गेली आणि त्याच देशाची झाली. पुढे फर्निचरच्या धंद्यात पडली. तिथे सगळे तिला तानिया म्हणतात. कोविडच्या काळात तिने पुन्हा बॅट धरली आणि २०२४ साली, वयाच्या ५८व्या वर्षी, चिलीकडून पॅरिस ऑलिंपिकला उतरली.

जन्म एकीकडे आणि जर्सी दुसरीकडची, असा खेळाडू दिसला की ‘विकत आणलेला’ हा शब्द चटकन तोंडात येतो. मला तो फार अन्यायाचा वाटतो. ऑलिंपिकच्या एकेरीत एका देशाला दोनच जागा मिळतात, म्हणजे चीनमधली तिसरी खेळाडू जगातही तिसरी असली तरी घरीच बसणार. चौथी, दहावी, पन्नासावी यांचं तर विचारूच नका. आयुष्याची दहा-पंधरा वर्षं टेबलाला वाहिलेल्या या माणसांनी करायचं काय? देश बदलून खेळणाऱ्या अशा खेळाडूंना चिनी वृत्तपत्रांनी ‘सागरापारची पलटण’ असं नावच दिलं आहे.

काहींना मात्र जागा असूनही दार बंद झालं. १९८७ची जागतिक स्पर्धा नवी दिल्लीत होती. उपांत्य फेरीत सहकारी खेळाडूला जिंकू दे, असा हे झिलीला संघाकडून आदेश होता. तिने तो मोडला, सामना जिंकला, अंतिम फेरीही जिंकली. जगज्जेती झाली, आणि पुढच्या वर्षी सोल ऑलिंपिकच्या संघातून वगळली गेली. लग्न करून ती जपानला गेली, चिरे कोयामा झाली. १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत तिने अंतिम सामन्यात चीनच्या देंग यापिंगला हरवलं. गुण मिळाला की ती जपानीत ‘योशी!’ ओरडे. त्या एका शब्दाचा चीनमध्ये किती राग आला! ज्यांनी तिला संघाबाहेर ठेवलं, त्यांना रागवायचा हक्क उरला होता का?

सिंगापूरची गोष्ट थोडी वेगळी. तिथे सरकारी योजनेतून परदेशी खेळाडू आणले गेले. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सांघिक रौप्य जिंकणाऱ्या तिघीही जन्माने चिनी. १९६० नंतरचं देशाचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक, तरी ‘हे आपलं म्हणायचं का?’ अशी कुरकुर तिथल्या लोकांतही झाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघाने निर्बंध आणले. एकविशीनंतर देश बदललेल्या खेळाडूला जागतिक स्पर्धेचं दार बंद झालं, त्याहून लहानांना वयानुसार तीन ते सात वर्षं थांबणं भाग पडलं. ऑलिंपिकला हा नियम लागू नव्हता. आपल्या देशातल्या मुलांची जागा जाऊ नये, ही त्यामागची काळजी खरी होती, हेही मान्य केलं पाहिजे.

आणि ‘आयात’ संघाला हरवता येत नाही असंही नाही. २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या मुलींनी सांघिक अंतिम फेरीत सिंगापूरला ३-१ नमवलं. राष्ट्रकुलात महिलांचं सांघिक सुवर्ण तोवर कायम सिंगापूरकडेच गेलेलं. मनिका बत्राने हार्बिनमध्ये जन्मलेल्या फेंग तियानवेईला हरवलं, आपल्या मधुरिका पाटकरने मौमा दासबरोबर दुहेरी जिंकली.

तानियाचा पॅरिसमधला मुक्काम एकाच सामन्याचा ठरला. लेबनॉनच्या मारियाना सहाकियानकडून ती ४-१ हरली. ९२ वर्षांचे वडील तिकडे चीनमध्ये टीव्हीसमोर बसले होते.